झाप्फिनो : निवडीतून आलेला हात

हाताने लिहिलेल्या ओळीत एकच अक्षर दोनदा आले तर दोन्ही वेळा ते हुबेहूब सारखे उतरत नाही. छपाई मात्र ते सारखेच उतरण्यावर चालते. सुलेखनावरून घडवलेले बहुतेक टाइप इथेच उघडे पडतात. पहिला शब्द डौलदार वाटतो, आणि तिसऱ्या शब्दात तोच झोकदार फराटा तसाच्या तसा भेटला की सोंग कळते. हेरमान झाप्फ या जर्मन अक्षरकाराचा ‘झाप्फिनो’ (१९९८) यातून बराचसा सुटला. त्याचे कारण त्याच्या वळणांइतकेच त्याच्या घडणीतही आहे.

१९४४ साली, सैन्यात नकाशे काढत असताना, झाप्फ यांनी वहीत ही वळणदार अक्षरे लिहिली होती. युद्धानंतर स्टेम्पेल या ओतशाळेसाठी त्यांनी ‘व्हर्च्युओसा’ हा टाइप केला, पण छपाईचा शिशाचा खिळा चौकोनी. शेजारच्या अक्षरावरून जाणारी शेपटी खिळ्याबाहेर लोंबते आणि मोडते, म्हणून हात आखडता घ्यावा लागला. १९९३ मध्ये डेव्हिड सीगल हा अमेरिकी तरुण त्यांच्या संपर्कात आला, तो संगणकाने अक्षररूपे आपोआप, अनियमितपणे बदलत ठेवावीत ही कल्पना घेऊन. प्रोग्रॅमर जिनो ली यांची मदत झाली, पुढे सीगलने काम सोडले आणि लिनोटाइप कंपनीने टाइप बाजारात आणला. हाती आले ते मात्र झाप्फ यांनीच ठरवलेल्या पर्यायी रूपांचे चार संच. अनियमितपणा मागे पडला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. हाताचा जिवंतपणा थरथरण्यात नसतो, शेजार पाहून केलेल्या निवडीत असतो. मॅक संगणकावरच्या आवृत्तीत ही निवड बरीचशी आपोआप होते. देवनागरी वाचणाऱ्याला याचे नवल वाटू नये: आपल्याकडे रफार आणि जोडाक्षरे शेजार पाहूनच रूप घेतात. रोमन लिपीला जी चैन, ती आपली रोजची गरज.

निवड यंत्राने केली तर सुलेखनकार उरला कुठे, असे कोणी विचारील. यंत्र निवडते ते त्यानेच रेखलेल्या रूपांतून. शिवाय आपोआप आलेले रूप बदलण्याची मुभा जुळणी करणाऱ्याला असते, ती तो वापरत नाही हा टाइपचा दोष नव्हे. दुसरा आक्षेप वाचनीयतेचा. छोट्या अक्षरांचे अंग बुटके, वरखालच्या रेघा लांबलचक, त्यामुळे दोन ओळींत भलतीच जागा सोडावी लागते; सगळा मजकूर कॅपिटलमध्ये लावला तर नुसता गुंता. हे खरेच आहे, पण हा टाइप परिच्छेदासाठी नाहीच. चार शब्दांचे आमंत्रण, प्रमाणपत्रावरचे नाव, वाइनच्या बाटलीवरचे लेबल, एवढाच त्याचा मुलूख.

तिसऱ्या, अतिपरिचयाच्या आक्षेपाला मात्र पुरते उत्तर नाही. मॅकबरोबर फुकट मिळाल्याने हा टाइप लग्नपत्रिकांपासून ब्यूटी पार्लरच्या पाट्यांपर्यंत पसरला. पर्याय कितीही असोत, ते मोजकेच. सरावलेला डोळा त्यांना ओळखू लागतो. कमल शेडगे मराठी नाटकांची शीर्षके रेखत, तेव्हा ते अक्षर त्या एका नाटकापुरते असे. ज्याला आपले नाव इतर कुणासारखे दिसायला नको आहे, त्याने आजही टाइप न शोधता अक्षरकार गाठावा.