मोहाच्या तेलाचा साबण : वनपट्ट्यातील घरगुती भेट

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्याच्या पूर्व टोकाचे वनसमृद्ध जिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. या वनांतील मोहाच्या झाडाला येथील गोंड, माडिया आणि अन्य वननिवासी समाजांच्या जीवनात विशेष स्थान आहे. मोहफुलांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु फुलांनंतर येणारे फळ आणि त्यातील बी यांच्याकडे तितके लक्ष जात नाही. या बिया, ज्यांना या भागात टोळ अथवा टोरी म्हणतात, तेलाने भरलेल्या असतात. अनेक घरांत हे तेल स्वयंपाकात वापरले जाते, अंगाला लावले जाते आणि पूर्वी दिव्यातही घातले जात असे.

घरची गरज भागल्यावर उरलेल्या बिया बहुधा बाजारात विकल्या जातात. काही महिन्यांनी त्याच बाजारातून कारखान्यात तयार झालेला साबण गावात येतो. तेल देणारे गाव साबण विकत घेते, हा व्यवहार थोडा तरी बदलता येईल काय, याचा विचार ग्रामपंचायती, शाळा आणि महिला बचत गट यांनी करण्यासारखा आहे. त्याची सुरुवात मोठ्या कारखान्याने करण्याचे कारण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी केलेली साबणाची वडी देणे, हेही एक चांगले पहिले पाऊल ठरेल.

वनोपजापासून साबण : एक जुना धडा

वनोपज कच्च्या स्वरूपात बाहेर न पाठविता त्यावर जागीच प्रक्रिया केल्याचे एक उदाहरण जुन्या म्हैसूर संस्थानात सापडते. पहिल्या महायुद्धामुळे तेथील चंदनाच्या लाकडाची परदेशी निर्यात अडली. तेव्हा संस्थानाने चंदनाचे तेल काढण्यास प्रारंभ केला आणि बंगळूर येथे सरकारी साबण कारखाना सुरू केला. महाराष्ट्रात, वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने गावातील तेलघाणीच्या सुधारणेचे काम हाती घेतले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले आणि साबण हा ग्रामोद्योगाचा एक विभाग मानला. मोहाच्या तेलाचा साबण ही नवी कल्पना नव्हे. तिला अशी पार्श्वभूमी आहे.

साबण कसा बनतो ?

तेल आणि तीव्र क्षार यांच्या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. चुलीच्या राखेत क्षार असतो, परंतु तो पोटॅशचा असल्याने त्यापासून मऊ, लिबलिबीत साबण होतो. घट्ट वडीसाठी सोड्याचा क्षार, म्हणजे कॉस्टिक सोडा लागतो. प्रत्येक तेलाला लागणारे सोड्याचे प्रमाण वेगळे असते. म्हणून साबण करताना अंदाजाने चालत नाही. सर्व पदार्थ काट्यावर तोलून घ्यावे लागतात. सोडा जास्त झाल्यास साबण त्वचेला पोळतो. यासाठी तो गणिताने येतो त्यापेक्षा किंचित कमी घेण्याची पद्धत आहे. थोडे तेल शिल्लक राहिल्याने वडी सौम्य होते.

केवळ मोहाच्या तेलाच्या साबणाला फेस कमी येतो. त्यात खोबरेल मिसळल्याने ही उणीव भरून निघते. घरगुती प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

मोहाचे तेल – ७०० ग्रॅम
खोबरेल – ३०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा – १४० ग्रॅम
स्वच्छ पाणी – ३३० ग्रॅम

यातून सुमारे १०० ग्रॅमच्या बारा वड्या मिळतात. तेलांपैकी एखादे बदलल्यास सोड्याचे प्रमाण पुन्हा काढावे लागते, हे विसरता कामा नये.

कृती

तेल ताजे असावे. मोहाची फळे पावसाच्या तोंडाशी पिकतात. बिया ओल्या राहिल्यास त्यांना बुरशी लागते, तेलाचा आंबटपणा वाढतो आणि साबण घोटताना मिश्रण एकाएकी घट्ट होते. म्हणून बिया फोडून आतील मगज चांगला वाळवून मगच घाणीवर न्यावा. तेल जाड कापडातून गाळून काही दिवस स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ घ्यावे. थंडीत हे तेल गोठते; ते प्रथम कोमट करून पातळ करावे.

पाणी स्टीलच्या भांड्यात घेऊन त्यात सोडा थोडा थोडा टाकीत लाकडी दांडीने ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर उडते. द्रावण आपोआप तापते व त्यातून झोंबणारी वाफ निघते, म्हणून हे काम उघड्यावर करावे. द्रावण आणि तेल दोन्ही हाताला कोमट लागतील इतके, सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत, आले की द्रावण तेलात बारीक धारेने सोडावे. भांड्याला बाहेरून हात लावूनच उष्णतेचा अंदाज घ्यावा. मिश्रण सतत ढवळीत राहावे. दांडीवरून पडलेल्या थेंबाची खूण पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली की मिश्रण तयार झाले असे समजावे. हळदीची चिमूट वा सुगंध घालायचा असल्यास याच वेळी घालावा.

मिश्रण कागद अंथरलेल्या लाकडी खोक्यात ओतून झाकून ठेवावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापाव्यात आणि हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. या काळात पाणी उडून वडी टणक होते. शाळेच्या प्रयोगशाळेतील सामू कागदाने ओल्या वडीची परीक्षा करावी. सामू १० च्या वर असल्यास साबण अंगाला लावू नये. संक्रांतीसाठी वड्या हव्या असल्यास नोव्हेंबरअखेर साबण घालणे सोयीचे ठरते.

सावधगिरी

कॉस्टिक सोडा कातडी जाळतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. रबरी हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे आवश्यक आहेत. अॅल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. सोड्याने ती खाल्ली जातात व ज्वालाग्राही वायू निघतो. अंगावर थेंब उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा-वीस मिनिटे पाणी मारीत राहून दवाखान्यात न्यावे. शाळेत हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करून दाखवावा. सोडा विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. उरलेला सोडा नाव लिहून कुलपात ठेवावा.

भेट आणि विक्री यांतील भेद

घरच्या वापरासाठी वा भेटीसाठी केलेला साबण निराळा आणि विक्रीचा निराळा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ही सूट गेली. त्यामुळे अंगाचा साबण विक्रीसाठी करावयाचा झाल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना लागतो. रोगनिवारणाचा दावाही करता येत नाही. बचत गटांनी प्रथम भेटीपुरते काम करून हात बसवावा आणि गुणवत्ता स्थिर झाल्यावरच विक्रीचा विचार करावा.

भेटीचे वेष्टन साधे असावे. या दोन्ही जिल्ह्यांत बांबूकाम करणारे बुरूड कारागीर आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. कागदात गुंडाळलेल्या दोन वड्या लहानशा परडीत ठेवून दिल्यास वाणाबरोबर कारागिरालाही काम मिळते. १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुणे दिन होय. त्या दिवशी गावाने आपल्या शाळेला वर्षभर पुरतील इतक्या वड्या भेट दिल्या, तर त्या भेटीचे मोल मोठे ठरेल.

झाड राहिले तर साबण

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने गौण वनोपजावरील गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. हक्काबरोबर राखणीची जबाबदारीही येते. मोहाच्या बियांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. सर्वच बिया वेचल्या गेल्या, अथवा फुले वेचण्याच्या सोयीसाठी झाडाखाली आग लावली गेली, तर नवी रोपे उभी राहणार नाहीत. काही बिया झाडाखाली राहू द्याव्यात, काही ताज्याच पेराव्यात, आणि घरच्या खाण्याचे तेल बाजूला ठेवल्यावर उरेल त्याचाच साबण करावा, असा ठराव ग्रामसभेने करणे इष्ट होय. असे झाले तर पुढच्या पिढीलाही मोहाच्या तेलाची वडी वाणात देता येईल.