बागेच्या भिंतीचा पाया

वसतिगृहाच्या बागेतील उताराची माती अडविण्यासाठी आम्ही दोन फूट उंचीची विटांची भिंत बांधली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात ती पुढे झुकली. तिच्या कडेनेच मुले भोजनगृहाकडे जातात. म्हणून ती तत्काळ उतरविली. दोष विटांचा नव्हता, पायाचा होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पायाही तिच्याबरोबर हलतो.

या वेळी कठीण मुरूम लागेपर्यंत चर खणला. नऊ इंच जाडीच्या भिंतीसाठी दीड फूट रुंदीचा पाया धरला. तळ सपाट करून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकला. त्यावर एक भाग सिमेंट, चार भाग वाळू व आठ भाग खडी या प्रमाणाचे सहा इंच काँक्रीट घातले. विटा भिजवूनच लावल्या. बांधकामावर सात दिवस पाणी मारले. मातीच्या बाजूस खडी भरून तळाशी पाणी निघण्यासाठी छिद्रे ठेवली. कारण तुंबलेले पाणी मातीचा रेटा कितीतरी वाढविते.

माजी विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात आवारात आल्यावर त्या छिद्रांतून झिरपणारे पाणी अवश्य पाहावे. पाया दिसणार नाही. पण भिंत सरळ उभी दिसेल.