टर्बो पिकअप, मागचा ट्रेलर आणि ऑक्टेनचा आकडा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या पेट्रोलपंपांवर साध्या पेट्रोलवर बहुधा ८७ हा आकडा असतो, प्रीमियमवर ९१ किंवा ९३. फोर्ड एफ-१५०सारख्या टर्बो इंजिनाच्या पिकअपमागे बोट किंवा कॅम्पर ओढणाऱ्यांमध्ये या आकड्यांवरून सरळ दोन तट पडतात. एकाला प्रीमियम ही निव्वळ लूट वाटते, दुसऱ्याला साधे पेट्रोल म्हणजे महागड्या इंजिनाची हेळसांड वाटते. दोघेही चुकतात, कारण दोघेही फक्त गाडीकडे पाहतात, तिच्यावर पडणाऱ्या भाराकडे नाही. मागे वजन किती, चढ किती आणि हवा किती तापलेली, यावरून इंधन ठरवायला हवे.

गैरसमज १ : प्रीमियम पेट्रोलमध्येच जास्त ताकद असते.

वस्तुस्थिती : ऑक्टेनचा आकडा इंधनातली ऊर्जा सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी इंधन अवेळी पेट घेण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरली जाते, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि तापमान दोन्ही चढतात. मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटला की नॉकिंग होते. सेन्सरला ते कळताच संगणक ठिणगी उशिरा टाकतो, गरज पडली तर टर्बोचा दाबही उतरवतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो. प्रीमियम घातल्याने नवी ताकद येत नाही, असलेली ताकद गमवावी लागत नाही. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २०१९मध्ये घेतलेल्या चाचणीत ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाच्या एफ-१५०ने ९३ ऑक्टेनवर चाकांपाशी ८७पेक्षा स्पष्टपणे जास्त हॉर्सपॉवर दिली. त्याच चाचणीतल्या होंडा सीआर-व्हीचे इंजिनही टर्बोच होते, पण तिच्या वेग घेण्यात प्रीमियमने फरक पडला नाही. म्हणजे केवळ ‘टर्बो’ हा शब्द पाहून निर्णय घेता येत नाही. भारतातून गेलेल्यांनी ८७ हा आकडा पाहून दचकण्याचेही कारण नाही. आपण रिसर्च पद्धतीचा आकडा वापरतो, अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी छापतात. तिथले ८७ आपल्याकडच्या साधारण ९१-९२च्या तोडीचे असते.

गैरसमज २ : कंपनी ८७ चालेल म्हणते, मग ट्रेलर ओढतानाही तेच पुरे.

वस्तुस्थिती : चालेल आणि उत्तम चालेल, यांत अंतर आहे. एफ-१५०च्या मॅन्युअलमध्ये ८७ची शिफारस आहेच, पण प्रीमियमचा फायदा कडक उन्हात आणि ट्रेलर ओढताना सर्वाधिक जाणवतो, असेही तिथेच लिहिले आहे. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे-२८०७ या मानकात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढणीची परीक्षा आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, किमान ३८ अंश सेल्सियस तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि तरीही सामान्य पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. रिकाम्या गाडीला असा ताण क्वचितच येतो, भरलेल्या ट्रेलरसह घाट चढताना तो मिनिटामिनिटाला येतो. ठिणगी उशिरा पडू लागली की एक्झॉस्ट तापतो आणि टर्बोचे टर्बाइन सांभाळण्यासाठी संगणक जादा पेट्रोल सोडतो. जोर घटतो आणि पेट्रोलही जास्त जळते. यावर रास्त आक्षेप असा, की प्रीमियमचे जादा पैसे मायलेजमधून वसूल होतात का? नाही होत. प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्यांवर ‘एएए’ या वाहनचालकांच्या संस्थेने २०१७मध्ये केलेल्या चाचण्यांत मायलेज सरासरी अवघे २.७ टक्के वाढले. पंपावरच्या दरातला फरक त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून प्रीमियम बचतीसाठी भरू नये. भाराखाली इंजिनाचा जोर टिकावा, एवढ्यासाठीच भरावे.

गैरसमज ३ : डोंगराळ भागात ८५ ऑक्टेनही पुरते.

वस्तुस्थिती : कोलोरॅडोसारख्या उंच राज्यांत ८५ सर्रास मिळते. विरळ हवेत बिनटर्बो इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब मुळातच कमी राहतो, त्यामुळे जुन्या गाड्यांबाबत हा हिशेब जमत असे. टर्बो मात्र विरळ हवेची कसर भरून काढतो आणि दाब पुन्हा वर नेतो. फोर्डचे मॅन्युअलही ८७पेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरू नका असे सांगते आणि उंचावरच्या प्रदेशांचा उल्लेख आवर्जून करते. रॉकी पर्वतात ट्रेलर घेऊन जाणाऱ्याने हे वाक्य गांभीर्याने घ्यावे.

गैरसमज ४ : वजन ओढायचे तर डिझेलच हवे.

वस्तुस्थिती : एफ-१५०मध्ये २०१८पासून काही वर्षे ३ लिटरचे डिझेल इंजिन मिळत होते. त्याची ताकद २५० हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे ५९७ न्यूटन मीटर आणि ओढण्याची कमाल क्षमता ११,४०० पौंड होती. त्याच वर्षीचे ३.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन ३७५ हॉर्सपॉवर, सुमारे ६३७ न्यूटन मीटर आणि १३,२०० पौंडांचे होते. डिझेलचा खरा फायदा मायलेजमध्ये आहे. रोज जड ट्रेलर घेऊन लांब पल्ला गाठणाऱ्याला त्याची वाढीव किंमत परवडू शकते. वर्षातून चार सुट्ट्यांना कॅम्पर ओढणाऱ्यासाठी टर्बो पेट्रोल पुरेसे आहे.

मॅन्युअलमध्ये प्रीमियम ‘बंधनकारक’ असेल तर प्रश्नच मिटला. ते फक्त ‘शिफारस’ असेल, तर एरवी ८७ भरा आणि जड ट्रेलर, उन्हाळा किंवा घाट असला की ९१ किंवा त्याहून वरचे. टाकी रिकामी होत आल्यावर ते भरा, कारण अर्धी टाकी ८७ आणि अर्धी ९३ यांचे मिश्रण ९०च्या आसपासच येते. मात्र कोणतेही पेट्रोल गाडीची वजन ओढण्याची मर्यादा वाढवत नाही. ती ब्रेक, अॅक्सल, चासी आणि ट्रेलर जोडणारा हिच मिळून ठरवतात. म्हणून पंपावरचा आकडा वाचण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचे वजन वाचा.