टाक्यांइतकंच लेंड्यांकडेही बघा

भूल द्यायची म्हणजे आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, हा नियम कुत्र्या-मांजरांचा. भुलेत असताना ओकारी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तो पाळतात. सशाला ओकताच येत नाही, तरी मादीच्या नसबंदीआधी अनेक घरांत तिचं गवत रात्रीच उचललं जातं. तोंडात घास राहू नये म्हणून डॉक्टर फार तर तास-दोन तास आधी खाणं काढायला सांगतात, तेवढं पुरे.

घरी आणल्यावर पुढची चूक होते: 'आज नको काही द्यायला, पडून राहू दे.' सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. ते मंदावलं की वायू धरतो, वायूमुळे दुखतं, दुखल्यामुळे ससा खात नाही आणि न खाल्ल्यामुळे आतडं आणखी थंडावतं. टाके व्यवस्थित असलेली मादीही या फेऱ्यात दगावू शकते. म्हणून घरी येताच तिच्यापुढे टिमोथीचं वाळलं गवत, ताजी हरळी, धुऊन निथळलेली कोथिंबीर ठेवावी. गाजर हा सशाचा आहार नव्हे, साखर जास्त असलेला खाऊ आहे. पण रुसलेल्या तोंडाला एखादा तुकडा चालेल. पहिल्या दिवशी लेंड्या बारीक आणि थोड्या पडतात, त्याची काळजी नको. मात्र बारा तासांत तोंडाला काहीच लावलं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. भिजवलेल्या पेलेट्सची पेज सिरिंजने भरवायची तीही त्यांना विचारूनच. पोट ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर बळेच भरवणं घातक.

'कोपऱ्यात गप्प बसलीय, म्हणजे दुखत नाहीये' हाही गैरसमजच. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. पाठ कुबडी करून बसणं, डोळे अर्धवट मिटणं, पोट जमिनीला दाबणं, दात करकर वाजवणं ही तिची भाषा. वेदनाशामक औषध सांगितलेले सगळे दिवस द्यावं, कारण वेदनेनेही आतडं थांबतं. घरात कुणासाठी तरी आणून उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र मोडून देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं पोटात गेली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही.

जखमेवर हळद? नको. ती चाटली जाते, पूड टाक्यांत अडकते आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही. भुशाऐवजी स्वच्छ टॉवेल अंथरा. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर सरसकट घालू नये. सशाला आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खायच्या असतात आणि कॉलर नेमकी तिथेच आड येते. टाके कुरतडू लागली तर गोष्ट वेगळी.

लालसर लघवी दिसली की घर हादरतं. खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी एरवीही केशरी-लाल होते. रक्ताच्या गाठी दिसल्या तर मात्र थांबू नका.

'एकदा तरी पिल्लं होऊ द्या' असं सांगणारे नातेवाईक नंतर पिल्लं सांभाळायला येत नाहीत, ते असो. मादीच्या प्रकृतीला पिल्लं होण्याची काही गरज नसते. उलट नसबंदी न केलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग सर्रास आढळतो. काही जातींत चार वर्षांवरच्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त.

जोडीदार नर असेल आणि त्याचीही नसबंदी नुकतीच झाली असेल, तरी त्याची ऊर्मी काही आठवडे टिकते. तिला आता गर्भ राहणार नाही, पण तो अंगावर चढला तर टाके उसवतील. दोघांना अगदी वेगळ्या खोल्यांत मात्र ठेवू नका, नाहीतर पुन्हा भेटल्यावर परक्यासारखे भांडतील. दहाएक दिवस मध्ये जाळी लावा. वास येत राहतो आणि ओळख टिकते.