ग्रह राहिले बाजूला

नवग्रहांच्या यादीत राहू-केतूंना जागा आहे, गुरू-शनीच्या चंद्रांना नाही. साडेसाती शनीची असते. त्याच्या एन्सेलॅडस या चंद्राची कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. खगोलशास्त्रातही १९७९ पर्यंत परिस्थिती फार वेगळी नव्हती. दूरच्या ग्रहांचे चंद्र म्हणजे कधीच थिजून गेलेले, खड्ड्याखड्ड्यांचे गोळे, असा सर्वसाधारण समज. यानं पाठवायची ती ग्रह बघायला. जाताजाता चंद्रांचे फोटो मिळाले तर मिळाले. गेल्या साडेचार दशकांतल्या मोहिमांनी हा मानपान पार उलटा केला.

सुरुवात गुरूच्या आयो या चंद्रापासून. ५ मार्च १९७९ ला व्हॉयेजर १ गुरूजवळून पुढे निघालं. ८ तारखेला त्यानं मागे वळून आयोचा एक फोटो काढला, तोही आयोसाठी नव्हे. यान नेमकं कुठे आहे हे ठरवायला मागचे अंधुक तारे हवे होते. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत लिंडा मोराबिटो दिशादर्शनाच्या कामावर होत्या. तारा सापडावा म्हणून त्यांनी त्या फोटोचा उजेड वाढवला, तर आयोच्या कडेला छत्रीच्या आकाराचं काहीतरी उभं! ढग म्हणावा, तर आयोला तेवढं वातावरण नाही. मागून डोकावणारा दुसरा चंद्र म्हणावा, तर त्या जागी कुठलाच चंद्र असायला नको. एकेक शक्यता बाद होत गेली आणि उरला ज्वालामुखी, पावणेतीनशे किलोमीटर उंच फवारा उडवणारा. पृथ्वीबाहेरचा जागता ज्वालामुखी माणसानं पहिल्यांदाच पाहिला.

पण स्टँटन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांनी हे जवळजवळ सांगूनच ठेवलं होतं. त्यांचा निबंध ‘सायन्स’च्या २ मार्चच्या अंकात, यान पोचायच्या तीन दिवस आधी, छापून आला. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात तेवढ्यात गुरूच्याच युरोपा या चंद्राच्या दोन आणि गॅनिमीडची एक. या ठरलेल्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा कधी पूर्ण गोल होत नाही. गुरूचं आकर्षण सतत कमीजास्त होत राहतं आणि आयोच्या खडकालाच भरती-ओहोटी येते. तार पुन्हापुन्हा वाकवली की गरम होते, तसा आयो आतून तापतो. सूर्यापासून दूर म्हणजे थंड, हे सोपं गणित तिथेच संपलं.

युरोपाचं रहस्य गॅलिलिओ यानाकडून कळलं. या यानाचा मुख्य अँटेना १९९१ मध्ये उघडलाच नाही. पुढची सगळी मोहीम दुय्यम अँटेनावर, थेंबथेंब माहिती पाठवत काढावी लागली. तरी मार्गारेट किव्हेलसन यांच्या चुंबकमापकानं काम साधलं. गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाला थोडं तिरकं असल्यानं युरोपाभोवती त्याची दिशा सारखी बदलते आणि युरोपातून तिला उत्तर मिळतं, असं मोजमापांत दिसलं. असं उत्तर वीज वाहून नेणाऱ्या थरातूनच येऊ शकतं. बर्फाखालचा खारट समुद्र हा त्याचा सर्वांत पटणारा अर्थ.

एन्सेलॅडसची कथाही चुंबकमापकापासूनच सुरू होते. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, आपल्या चंद्राच्या व्यासाचा सातवा हिस्सा. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनी यान त्याच्याजवळून गेलं तेव्हा शनीचं चुंबकीय क्षेत्र तिथे किंचित अडून वळल्यासारखं दिसलं. उपकरणाच्या प्रमुख मिशेल डोहर्टी यांनी पुढची फेरी आणखी जवळून घ्यायला मोहिमेतल्या लोकांना राजी केलं. १४ जुलैला यान १७३ किलोमीटरवरून गेलं. दक्षिण ध्रुव विषुववृत्तापेक्षा गरम निघाला आणि तिथल्या लांबलचक भेगांमधून पाण्याची वाफ व बर्फाचे कण बाहेर पडत होते. पुढच्या वर्षांत कॅसिनी या फवाऱ्यातूनच आरपार गेलं. मीठ सापडलं, समुद्रतळाशी गरम पाणी असल्याची खूण सांगणारे सिलिकाचे कण सापडले, मग हायड्रोजन आणि जुन्या नोंदी पुन्हा चाळल्यावर २०२३ मध्ये फॉस्फेटसुद्धा. यातलं एकही उपकरण या कामासाठी बनवलेलं नव्हतं. हायड्रोजन ओळखणारं यंत्र टायटनच्या वातावरणासाठी होतं, फॉस्फेट सांगणारं अवकाशातली धूळ मोजण्यासाठी.

शनीच्याच टायटन या चंद्रावर १४ जानेवारी २००५ ला कॅसिनीनं सोबत नेलेलं हायगेन्स यान उतरलं. गोलसर झालेले बर्फाचे गोटे आणि द्रवरूप मिथेननं कोरलेली पात्रं दिसली. मात्र कॅसिनीवरच्या एका संदेशवाहिनीचा ग्राही चालू करण्याची आज्ञाच द्यायची राहून गेली आणि निम्मे फोटो हातचे गेले. त्याच वाहिनीवरचा वाऱ्याचा प्रयोग वाचला तो पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी थेट यानाचा क्षीण संदेश टिपल्यामुळे. असंच काम आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं २०१६ मध्ये केलं. मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा संदेश तिथे ऐकू येत होता. उतरायच्या जरा आधी तो थांबला. यान कोसळलं होतं.



आता चंद्रांसाठीच मुद्दाम यानं निघाली आहेत. युरोपियन ‘ज्यूस’ २०२३ मध्ये उडालं, ते पुढे गॅनिमीडभोवती फिरेल. ‘युरोपा क्लिपर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, २०३० मध्ये पोचेल. तिथला किरणोत्सर्ग इतका जबर आहे की क्लिपर युरोपाभोवती मुक्काम करणारच नाही. गुरूभोवती फिरत जवळून सुमारे पन्नास चकरा मारेल. ज्या चंद्रांसाठी ही धडपड, ते पृथ्वीवरच्या जंतूंनी बाटू नयेत म्हणून गॅलिलिओ २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम लोटून देण्यात आलं.

एन्सेलॅडसकडे मात्र अजून एकही यान निघालेलं नाही. युरोपियन अवकाश संस्थेच्या विचारातली मोहीम लवकरात लवकर २०४० च्या दशकातली. हा क्रम मला पटत नाही. युरोपाचा समुद्र कित्येक किलोमीटर बर्फाखाली आहे. एन्सेलॅडस आपला समुद्र स्वतःच बाहेर उडवतो. खणायला नको, उतरायलाही नको. कॅसिनीची उपकरणं जीवसृष्टीचा माग देऊ शकणारे मोठे, गुंतागुंतीचे रेणू नीट ओळखण्याइतकी सूक्ष्म नव्हती. आजची आहेत.