क्षयरोग : कामावर रुजू झाल्यानंतर

क्षयरोग्याने महिनोन्महिने आरोग्यधामातच राहिले पाहिजे, ही समजूत १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने खोटी ठरविली. घरी राहून नियमित औषधे घेणारे रुग्णही तितकेच बरे होतात, असे त्यातून सिद्ध झाले.

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर साधारणतः ६ महिने उपचार करावे लागतात. पहिल्या काही आठवड्यांतच ताप व खोकला ओसरतो, भूक लागते आणि कर्मचारी वैद्यकीय दाखला घेऊन कामावर रुजू होतो. खरी कसोटी येथूनच सुरू होते. बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे. कामाच्या गर्दीत गोळ्या वारंवार चुकल्यास उरलेले जंतू पुन्हा बळावतात आणि त्याच औषधांना जुमानीनासे होऊ शकतात.

म्हणून कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व सरपंच यांनी अशा सहकाऱ्यास तपासणीसाठी सवड द्यावी. शक्ती भरून येईपर्यंत फिरतीचे काम देऊ नये. क्षयरोग भांड्यांतून पसरत नाही. तेव्हा त्याचा पेला वेगळा ठेवण्याचे कारण नाही. तिरस्काराच्या भीतीने आजार लपविणारा रुग्ण गोळ्याही लपूनच घेतो आणि एके दिवशी त्या घेणेच सोडून देतो.