नट खोलायची बॅटरीची गन घेताय? आधी आपला नट मोजा



आज फवारणीचा मेसेज नाही. गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी मोबाईलवरची जाहिरात पाठवून एकच प्रश्न विचारला आहे: "ही बॅटरीची गन घेऊ का? ट्रॅक्टरचं चाक निघेल का हिच्यानं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मेसेज लांब आहे, पण प्रश्न काही हजारांचा आहे. रात्री जेवणानंतर निवांत वाचा.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या वर्षी आपल्या अवजार बँकेसाठी अशीच एक गन मी ऑनलाइन मागवली. डब्यावर मोठ्या अक्षरात "३८८ व्होल्ट" आणि बॅटरीवर "२२९०० एमएएच" लिहिलेलं. किंमत चार हजारांच्या आत. वाटलं, स्वस्तात काम झालं. रोटाव्हेटरचे पहिले वीस-एक बोल्ट तिनं झटक्यात काढले. पुढे गंजलेले लागले तशी नुसती खडखड करायला लागली, बॅटरी गरम होऊन गन बंद. शेवटी पाना आणि पाईप घेऊनच उरलेले काढले. उन्हाळ्यापर्यंत दोन्ही बॅटऱ्या बसल्या. मग एक खोलून पाहिली, आत बोटाएवढे दहा सेल निघाले.

आता हिशेब बघा. असा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा असतो. पाच सेल ओळीनं जोडले की २१ व्होल्ट. तेच पाच सेल सरासरी धरले की १८ व्होल्ट. म्हणजे "१८ व्होल्ट", "२० व्होल्ट मॅक्स" आणि "२१ व्होल्ट" लिहिलेल्या गन बहुतेक वेळा एकाच ताकदीच्या बॅटरीवर चालतात. ४८, ८८, १२८, ३८८ हे आकडे नुसते छापलेले असतात, आत तेवढे व्होल्ट नसतात. एमएएचचंही तसंच. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार एमएएचच्या आसपास मावतं. दहा सेलच्या पॅकमध्ये पाच-पाचच्या दोन ओळी असतात, म्हणजे फार तर सात हजार. बावीस हजार येणार कुठून? ज्या डब्यावर हे आकडे दिसतील तो डबा खाली ठेवा. ज्यानं बॅटरीबद्दल खोटं लिहिलं, त्यानं ताकदीचा आकडा तरी खरा कशाला लिहिला असेल?

*ताकद म्हणजे काय, ते पाईपवरून समजून घ्या*

गनची ताकद न्यूटन-मीटरमध्ये लिहितात. शब्द जड वाटतो, पण आपण हे रोज वापरतो. पान्याला एक मीटर लांब पाईप लावला आणि टोकाला १० किलोचं वजन टांगलं, की नटावर साधारण १०० न्यूटन-मीटर जोर येतो. ७० किलोचा माणूस त्याच टोकावर उभा राहिला, तर साधारण ७००. आता आठवा, तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट मागच्या वेळी कसे निघाले होते? पाईपवर उभं राहून, वर दोन उड्या मारून? मग ३०० ची गन तिथं उपयोगाची नाही, हे विकत घ्यायच्या आधीच कळलं.

साध्या कारच्या चाकाचे नट कंपनीच्या मापाप्रमाणे साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरला आवळलेले असतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला मॉडेलप्रमाणे दोनशेच्या पुढे जातं, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. पण हा आवळतानाचा आकडा झाला. चिखल, शेणखत, पाणी आणि दोन पावसाळे खाल्लेला नट सोडवायला याच्या दुप्पटही जोर लागू शकतो. शिवाय पंक्चरवाल्यानं हवेच्या गननं मनसोक्त आवळलेला असेल, तर विचारूच नका.

म्हणून डब्यावर दोन आकडे शोधा. एक आवळण्याचा, दुसरा सोडवण्याचा. सोडवण्याचा नेहमी मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात. उदाहरण म्हणून, बॉशच्या जीडीएस १८व्ही-४०० या गनला कंपनी आवळताना ४०० आणि सोडवताना ६०० सांगते. मकिटाच्या डीटीडब्ल्यू ३०० ला ३३० आणि ५८०. त्याच मकिटाची डीटीडब्ल्यू १००२ आवळताना १००० आणि सोडवताना १६०० ची आहे. या नावांची शिफारस करत नाही, कंपनीला कुणाकडून कमिशनही नाही. खऱ्या गनचे आकडे कोणत्या टप्प्यात असतात ते कळावं म्हणून दिले. दुकानदार एकच आकडा सांगत असेल तर "हा आवळायचा की सोडवायचा?" एवढंच विचारा.

*मग कोणती घ्यायची?*

रोटाव्हेटरची पाती, कल्टिव्हेटरचे फण, पेरणीयंत्राच्या पट्ट्या, कार आणि पिकअपची चाकं, एवढ्यासाठी अर्ध्या इंची चौकोनाची, आवळताना ३०० ते ४०० ची गन पुरेशी आहे. आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांना हीच लागते, असं माझं मत. बॅटरीसकट दोन-अडीच किलोच्या आसपास भरते, एका हातात धरता येते. १००० ची गन ऐकायला छान वाटते, पण बॅटरीसकट साडेतीन किलोच्या पुढे जाते आणि रोटाव्हेटरखाली वाकून ती तासभर धरून बघा. शिवाय तिच्यानं बारा-चौदा एमएमचा बोल्ट तुटायला एक सेकंद पुरतो. ट्रॉली, ट्रॅक्टर दुरुस्तीचा धंदाच असेल तर ती घ्या.

ज्यांना फक्त ट्रॅक्टरचं मागचं चाक वर्षातून एखाद्या वेळी काढायचं आहे, त्यांनी गनच घेऊ नये. आत गिअर असलेला, हँडल फिरवून नट सोडवायचा पाना मिळतो, ट्रकवाल्यांकडे असतो तो. त्याला बॅटरी नाही, चार्जिंग नाही, दहा वर्षं ट्रॅक्टरच्या पेटीत पडून राहिला तरी चालतो.

एक घोटाळा नेहमी होतो. दुकानात "इम्पॅक्ट" म्हटलं की तीन वेगळी यंत्रं दाखवतात. भिंतीला भोक पाडायचं इम्पॅक्ट ड्रिल ठोके सरळ पुढे मारतं, नट सोडवायला त्याचा उपयोग नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या तोंडाला सहा कोनी खाच असते, तो स्क्रूसाठी. आपल्याला हवी ती गन म्हणजे इम्पॅक्ट रेंच, तिच्या तोंडाला चौकोनी दांडा असतो. हिच्या आत एक छोटा हातोडा फिरतो. नट अडला की स्प्रिंगच्या जोरावर तो दांड्याला आडवे ठोके मारत राहतो, मिनिटाला दोन-तीन हजार. ठोका नटाला बसतो, मनगटाला फारसा हिसका बसत नाही. हेच तिचं वैशिष्ट्य.

मोटर "ब्रशलेस" असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. कार्बन झिजत नाही, धुळीत टिकते, बॅटरी जास्त पुरते. बॅटरी मात्र ४ किंवा ५ अँपिअर-तासाची घ्या. २ ची बॅटरी लवकर संपते हा एक भाग झाला, दुसरा भाग दुकानदार सांगत नाही: लहान पॅकमध्ये सेलची एकच ओळ असते, जोर लावताना लागणारा करंट तो देऊ शकत नाही, म्हणून तीच गन लहान बॅटरीवर कमकुवत चालते. बॅटरीवर बीआयएसचा शिक्का आहे का तेही बघा.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांसाठी खास: त्याच कंपनीची बॅटरीवरची छाटणी कात्री, ग्राइंडर किंवा झाडं कापायची करवत पुढे घ्यायची असेल, तर आजच विचार करा. एका कंपनीच्या एकाच मालिकेत बॅटरी सगळ्यांना चालते. या यंत्रांत बॅटरीच महाग असते, यंत्र नुसतं घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. आणि तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर किंवा बॅटरी बदलून देणारा कुणी आहे का, याची चौकशी गन घ्यायच्या आधी करा. कुरिअरनं परत पाठवू म्हणाल तर काढणीचे दिवस निघून जातात.

*गोटीत काटकसर नको*

घरातल्या डब्यातली चकचकीत क्रोमची गोटी गनला लावू नका. ती हाताच्या पान्यासाठी असते. ठोक्यानं तडकते, आणि तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या, जाड असतात. सहा कोनी घ्या, बारा कोनी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आपल्या अवजारांना बहुतेक १७, १९, २१, २२ आणि २४ नंबर लागतात. डोळ्यांना चष्मा लावाच. गंजाचे कण थेट तोंडावर येतात, मी स्वतः एकदा डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलोय.

*आवळताना गन बाजूला ठेवा*

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. आपल्या एका सभासदानं पिकअपचं चाक बदलून गननं "चांगलं घट्ट" केलं. माल घेऊन मार्केटला जाताना दोन स्टड तुटले. चाक निघालं नाही हे नशीब. गन किती आवळते हे हाताला कळत नाही. बोल्ट आतल्या आत ताणला जातो, त्या दिवशी काही दिसत नाही, नंतर ऐन रस्त्यात तुटतो. म्हणून गननं नट फक्त टेकवा, शेवटचा जोर हाताच्या पान्यानं द्या, समोरासमोरचे नट आळीपाळीनं. माप दाखवणारा टॉर्क पाना आपल्या अवजार बँकेत आहे, घेऊन जा. चाक बसवल्यावर पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. इंजिनचे बोल्ट, ऑइल काढायचा बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसणारं काहीही, आणि दुचाकीचे बारीक बोल्ट, इथं गन लावूच नका.

रोटाव्हेटरला गनचा खरा फायदा आहे. सहा फुटीला साधारण ४२ पाती, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे ८४ नट. हातानं दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. पण हात घालण्याआधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओचा शाफ्ट काढलेला. रोटाव्हेटर नुसता हायड्रॉलिकवर उचलून ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. ठोक्यानं रोटर फिरतो, म्हणून त्यातही एक लाकूड अडकवा. मागची बाजू धरलेला पाना गनबरोबर गरकन फिरतो आणि बोटं सापडतात. तो पाना हातात धरण्यापेक्षा लोखंडाला टेकवून ठेवा. आदल्या संध्याकाळी नटांवर डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारला तर निम्मं काम तिथंच होतं. डाव्या-उजव्या पात्यांचा फोटो काढून ठेवा, नंतर गोंधळ होत नाही. नवे बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलेच घ्या, आणि शेतात तासभर चालवल्यावर ट्रॅक्टर बंद करून पुन्हा आवळा.

*बॅटरी जपा*

उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा बंद गाडीत बॅटरी ठेवू नका. काम झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. दोन-तीन महिने काम नसेल तर अर्धी भरून घरात ठेवा, पूर्ण संपवून ठेवलेली बॅटरी परत उठत नाही. आणि कृपा करून शेतातल्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढून चार्जर लावू नका. दोन फेजच्या मध्ये जोडला गेला तर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येतात. चार्जर जळतो, बॅटरी पेटूही शकते.

दुकानात जाताना रोटाव्हेटरचा एक जुना बोल्ट खिशात टाकून जा, गोटी तिथंच लावून बघा. जिथं यंत्र चालवून दाखवतात तिथूनच घ्या.

अजून ठरत नसेल तर आधी वापरून बघा. अवजार बँकेत आता चांगली गन आहे, सोबत काळ्या गोट्या, चष्मा आणि दोन बॅटऱ्या. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गटावर नाव आणि अवजार कोणतं ते टाका. रोटाव्हेटर इथं आणणार असाल तर धुऊन आणा, मागच्या वेळचा चिखल अजून शेडमध्ये आहे.